लाल दोऱ्याचं पुडकं

माझ्या पहिल्या कादंबरीतल्या खुन्यानं खून करायला आत शिरताना दारात चपला काढल्या होत्या. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरात माणूस चपला घालून कसा जाईल? पुण्याच्या संपादकबाईंचा फोन आला. आधी त्या बराच वेळ हसल्या आणि मग म्हणाल्या, "अहो, तो सुपारी घेऊन आलाय, जेवायला नाही." मी म्हटलं, सुपारी घेतली म्हणून काय झालं, वळण असतंच ना माणसाला. त्यांनी चपला काढण्याचं वाक्य उडवलं. पण खून उरकल्यावर तो चपला घालतो, हे तीन पानांनंतरचं वाक्य त्यांच्या नजरेतून सुटलं आणि पुस्तक तसंच छापून आलं. त्यामुळे माझा खुनी अनवाणी येतो आणि चपला घालून जातो. एका वाचकानं पत्र पाठवून विचारलं, त्यानं मेलेल्याच्या चपला चोरल्या का? मी उलटटपाली कळवलं, हो, ती त्याची विकृती आहे.

तर मी असा लेखक आहे. मुंबईच्या काळ्या कादंबऱ्या लिहितो. टोळ्या, दलाल, बंद पडलेल्या गोदामांतली प्रेतं, एका बाजूला काचेच्या इमारती आणि त्यांच्या पायाशी पत्र्याच्या खोल्या, असा सगळा माल. आणि राहतो यवतमाळकडच्या नेरला. आयुष्यभर पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर बसलो. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा आणि पुढच्या टेबलाकडे ढकलायचा. गुन्हेगारी जगताचा माझा अनुभव म्हणाल तर एकदा कार्यालयातून तो शिक्काच चोरीला गेला होता. साहेबांनी सगळ्यांचे जबाब घेतले. दोन दिवसांनी शिक्का माझ्याच डब्याच्या पिशवीत, लोणच्याच्या बाटलीखाली सापडला. एवढ्या भांडवलावर मी चार कादंबऱ्या काढल्या.

लोक विचारतात, नेरमध्ये राहून मुंबईच कायले? अहो, नेरमध्ये खून पाडायची माझी छाती नाही. इथं कोणालाही मारलं तरी तो कोणाचा तरी साडू निघतो. मुंबई बरी. तिथं मला कोणी ओळखत नाही. अर्थात मीही तिथं कोणाला ओळखत नाही, पण ते मी पुस्तकाच्या मागच्या पानावर कधी येऊ दिलं नाही. तिथं छापलेलं आहे, 'महानगराच्या अंधाऱ्या पोटात उतरलेला लेखक'. उतरलो होतो, खोटं नाही. कार्यालयीन प्रशिक्षणासाठी दोन दिवस उतरलो होतो. त्यातला दीड दिवस एका वातानुकूलित खोलीत टपाल नोंदींच्या नव्या पद्धतीवर गेला. उरल्या वेळात एका सकाळी गेटवेला जाऊन आलो, पाण्यातून वर येणारा सूर्य पाहिला, शेंगदाणे खाल्ले आणि परत फिरलो. बाकीची मुंबई मी मोबाईलच्या नकाशात बोटानं ढकलत पाहिली आहे. मी तसा बोट चालवत बसलो की बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "पोचले का दादरले?"

बायको ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. माणूस मरताना तिनं खरोखर पाहिलेला आहे, त्यामुळे माझ्या कादंबऱ्यांबद्दल तिला फारसा आदर नाही. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक शेठ विषाचा घोट घेतो आणि एक वाक्य बोलून मरतो. तिनं ते वाचलं आणि म्हणाली, "एका वाक्यात? मंग आम्ही बारा-बारा तास नळ्या धरून कायले उभ्या राहतो?" मी म्हटलं, ते साहित्य आहे. ती म्हणाली, "असू द्या." तिचं 'असू द्या' मला आजवर कोणत्याही टीकाकाराच्या लेखापेक्षा जास्त लागलेलं आहे.

पण तिसऱ्या कादंबरीनंतर मी जरा वाहवलो हेही खरं. हॉटेलात शिरलो की भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायला लागलो. माझ्या गुप्तहेराची ती सवय होती. पंधरा दिवस चहावाल्यानं पाहिलं आणि शेवटी विचारलं, "बाबूसाहेब, कमरीचा त्रास हाय का?" मी हो म्हणालो. त्यानं मला तेलाचं नाव सांगितलं आणि बायकोनं ते आणलंसुद्धा.

आता टेलर मास्तरांचं सांगतो, कारण हे सगळं त्यांच्यामुळं सांगायला बसलो आहे.

बसस्टँडसमोर त्यांचं दुकान. एक मशीन, एक कापायचं टेबल आणि गिऱ्हाईकासाठी एक प्लास्टिकची खुर्ची. ती खुर्ची रोज संध्याकाळी माझी असायची. कार्यालय सुटलं की मी तिथं तासभर बसायचो, निवृत्त झाल्यावर दोन तास बसायला लागलो. मास्तर बोलायला कमी. मी बोलायचो, ते शिवायचे. त्यांची एक पद्धत सगळ्या नेरला ठाऊक होती. शिवून उरलेली कतरण ते कधी ठेवून घेत नसत. बोटभर पट्टी उरली तरी ती गुंडाळायची, तिला लाल दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे, वर छोटंसं फूल बांधायचं आणि ते पुडकं शिवलेल्या कपड्यावर ठेवून द्यायचं. "कपडा तुमचा, तं कतरण बी तुमचीच. मायी फक्त शिलाई." ब्लाउजचं पुडकं अंगठ्याएवढं असायचं, शर्टाचं मुठीएवढं. गावातल्या बायका त्यांची ठिगळं लावत, गोधड्या जोडत. माझी बायको घरची आणि शेजारपाजारची पुडकी गोळा करून नव्या बाळांसाठी दुपटी शिवायची. रुग्णालयात जन्मलेली कितीतरी पोरं नेरच्या लोकांच्या सदऱ्या-झंपरात गुंडाळून घरी गेली आहेत.

परवाच्या वर्षी मास्तरांची बायको गेली. किडनीचा आजार होता. यवतमाळच्या दवाखान्यात अकरा दिवस होती आणि ते अकरा दिवस दुकान बंद होतं. इतक्या वर्षांत ते कधी बंद राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. सगळं आटोपल्यावर त्यांनी पुन्हा दुकान उघडलं त्या संध्याकाळी मी जाऊन माझ्या खुर्चीत बसलो. त्यांनी कोणाचा तरी पायजमा पुरा केला, कतरण गुंडाळली, लाल दोऱ्याचे वेढे दिले आणि फूल बांधायला गेले तर ते बांधलं जाईना. बोटं थरथरत होती. दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा सुटलं. ते तसेच दोरा धरून बसून राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अगदी खरं. आणि मी घरी आलो, वही उघडली आणि लिहिलं: टेलर. लाल दोरा. बोटं थरथरतात. वापरता येईल.

वापरलं. माझ्या चौथ्या कादंबरीत दादरच्या एका गल्लीत एक म्हातारा टेलर आहे. शांत, देवमाणूस, सगळ्यांच्या विश्वासातला. तो आधी आपल्या बायकोला रोजच्या चहातून थोडं थोडं काहीतरी देऊन मारतो आणि मग गिऱ्हाईक बायकांकडे वळतो. प्रत्येक खुनानंतर मेलेलीच्या घरी एक पुडकं पोचतं. आत तिच्याच कपड्यांची कतरण, बाहेर लाल दोऱ्याचे दोन वेढे आणि वर फूल. हे सुचलं तेव्हा मी स्वतःवर इतका खूश झालो की उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. संपादकबाई म्हणाल्या, आत्तापर्यंतची तुमची सगळ्यात काळी कल्पना. बायकोनं हस्तलिखित वाचून एवढंच विचारलं, "मास्तरले दाखवलं का?" मी म्हटलं, त्यांना वाचायची आवड नाही. ती म्हणाली, "असू द्या."

पुस्तक किती विकलं गेलं ते जाऊ द्या. पण कोणीतरी त्याची पीडीएफ केली आणि ती तालुक्याच्या सगळ्या व्हॉट्सॅप गटांवर फिरली. आयुष्यात पहिल्यांदा मला गावात वाचक मिळाले. भाजीवाली थांबवून म्हणायची, "मास्तरले मस्त रंगवलं जी तुम्ही." मी म्हणायचो, "कोणते मास्तर? ती मुंबईची गोष्ट आहे." आणि हे म्हणताना मी हसायचो. ते हसू मला आता आठवलं की स्वतःच्या एक कानाखाली द्यावीशी वाटते. कारण मला आवडत होतं. माणूस ओळखू आला म्हणजे आपण चांगलं लिहिलं, असं मी समजत होतो.

आधी चेष्टा सुरू झाली. चहाच्या टपरीवरून पोरं ओरडायची, "मास्तर, पुडकं नका बांधू, आई घाबरते." मास्तरांना वाटलं, असंच काहीतरी चाललं असेल. मग एका बाईनं खरंच पुडकं उचललं नाही, नुसता ब्लाउज घेऊन गेली. मग दुसरीनंही तेच केलं. आणि मग चेष्टेतून ते बोलणं निघालं जे मी लिहिताना स्वप्नातही धरलं नव्हतं. तिची किडनी एकदमच गेलती ना? धडधाकट तं होती बाई. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, बाबूसाहेब रोज दोन तास तिथं बसत होते, त्याहिले काहीतरी माहीत असल्याबिगर त्याहिनं लिहिलं का?

म्हणजे साक्षीदार मीच. माझे वडील प्रौढपणी अक्षरं शिकले होते. वर्तमानपत्र ते आमच्या वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि वर म्हणायचे की छापणारा माणूस खोटं कसं लिहील. आमच्या लोकांनी लिहिण्यावर एवढा जीव लावला, एवढा भरवसा ठेवला. त्या भरवशावर मी माझा दादरचा टेलर बसवला होता आणि लोकांनी तो खरा धरला तर दोष त्यांचा नव्हता.

मास्तरांची मुलगी एका शाळेत शिकवते. तिचं दारव्ह्याच्या एका मुलाशी जमत आलं होतं. पसंती झाली होती, दोन्ही घरं एकमेकांकडे जेवून आली होती, तारीख तेवढी राहिली होती. एका दुपारी ती स्कूटीवरून आमच्याकडे आली. लहानपणापासून मला काका म्हणते. पाण्याचा ग्लास तिनं हातात घेतला आणि प्यायली नाही.

"काका," ती म्हणाली, "दारव्ह्याहून फोन आलता. त्याहिनं आईचे दवाखान्याचे कागद मागतले."

मला आधी कळलंच नाही. "कशाला?"

"ती कशानं गेली ते पाहाचं हाय म्हणते. तुमचं पुस्तक त्याहिच्या मोबाईलवर आलं. बाबांनं फाईल काढून पिशवीत भरली. उद्या सकाळच्या गाडीनं नेऊन दाखवतो म्हणते."

म्हणजे एक माणूस आपण आपल्या बायकोला मारलं नाही हे सिद्ध करायला उद्या एसटीनं निघणार होता. आणि यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "पण बाळा, ती कादंबरी आहे. मुंबईची आहे."

तिनं ग्लास खाली ठेवला. "काका, त्यातला टेलर गिऱ्हाईकाले पोचवाले एसटी स्टँडवर जाते. दादरच्या गल्लीतून."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "बाबांले सांग, उद्या जाचं नाही. फाईल घरातच ठेवा म्हणा. हे जातीन, मी हाय संगं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आज मास्तरकडे जाऊन या. एकटे."

गेलो. खुर्ची जागेवर होती, पण बसवेना. खिळ्याला एक कापडी पिशवी लटकली होती आणि तिच्यातून फाईलीचा कोपरा बाहेर आला होता. मास्तर कॉलर शिवत होते. मी उभ्यानंच म्हटलं, "मास्तर, उद्या तुम्ही जाऊ नका. मी जातो."

"तुम्ही जाऊन काय सांगसान?"

"खरं सांगतो."

"खरं तं फाईलीत हाय." मशीन चालू होती. नंतर त्यांनी पायडलवरून पाय काढला. "बाबूसाहेब, मले वाचता येते, पण ते पुस्तक मी नाई वाचलं. बाजूच्या मेडिकलवाल्यानं वाचून दाखवलं, जेवढं ऐकवलं तेवढं. एक इचारू का?"

"विचारा."

"तिले चहात काय देलं म्हणून लिहिलं तुम्ही?"

मी खिळ्यावरच्या पिशवीकडे पाहिलं.

"ती तं शेवटी चहा बी पीत नव्हती," मास्तर म्हणाले. "डाक्टरनं पाणी मोजून देलतं. दिवसाचा एक गिलास. ती मागे, अन मी चमच्यानं मोजून देऊ."

मी म्हटलं, "मास्तर, ती ती नाही. तो माणूस तुम्ही नाही."

"मंग पुडकं कोणाचं हाय?"

चुकलं माझं, असं मी म्हटलं. साधं, लहान मुलासारखं म्हटलं. चार कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला दुसरं वाक्य सापडलं नाही. मास्तरांनी मान हलवली आणि पाय पुन्हा पायडलवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दारव्ह्याच्या गाडीत बसलो. बायकोनं माझ्या चारही कादंबऱ्या पिशवीत भरून घेतल्या होत्या. मी म्हटलं, ह्या कशाला? ती म्हणाली, "मास्तरचा पुरावा त्याहिच्या फाईलीत हाय, तुमचा याच्यात हाय." रस्ताभर मी मनात भाषण तयार करत होतो. साहित्य आणि वास्तव यांचं नातं, कल्पनेचं स्वातंत्र्य, असं काहीबाही. बायकोनं बहुतेक ओठ हलताना पाहिले. ती म्हणाली, "तिथं भाषण नका देऊ. तुम्हाले काही येत नाही तेवढंच सांगा."

मुलाच्या घरी त्याचे आई-वडील होते आणि मोठे काका होते. मोठे काका मुंबईत गोदीत नोकरी करून निवृत्त झालेले आणि आता गावी परतलेले. चहा आला. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "मी एक गोष्ट कबूल करायला आलो आहे. मी मुंबईत कधी राहिलेलो नाही."

"ते तं पहिल्याच पानावर समजलं," मोठे काका म्हणाले.

मुलाचे वडील हसले. मोठे काका हसले नाहीत. त्यांनी मोबाईल काढला, चष्मा चढवला. पुस्तक त्यांनी नीट वाचलेलं होतं. इतकं नीट माझ्या संपादकबाईंनीही वाचलं नव्हतं. "चौपाटीवर सकाळी समुद्रातून सूर्य वर आला म्हणता."

आणि इथं माझ्यातला लेखक उठून बसला. मी क्षमा मागायला गेलेला माणूस, मास्तरांच्या मुलीचं लग्न तिथं टांगलेलं, आणि मी म्हणालो, "आला म्हणजे काय, मी डोळ्यांनी पाहिला आहे."

"कुठं पाहिला?"

"गेटवेला."

"तो किनारा पूर्वेचा. चौपाटी पश्चिमेले हाय. तिथं सूर्य बुडते, निघत नाही."

बायकोचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. मग मी कुठलीही लाज ठेवली नाही. पिशवीतून पुस्तकं काढली आणि माझ्याच चुका एकेक वाचून दाखवायला लागलो. खुन्यानं दारात चपला काढल्या ते सांगितलं. टोळीचा म्होरक्या चौदाव्या मजल्यावर राहतो आणि अंगणात बाज टाकून झोपतो, ते वाचलं. दोन टोळ्यांची मारामारी गच्चीवर होते आणि मध्येच एकजण ओरडतो की वाळवणावर पाय पडला, ते वाचलं. प्रेत सापडतं तेव्हा शेजारीण इन्स्पेक्टरला आधी गाव विचारते आणि मग पोहे खाल्ल्याशिवाय जाऊ देत नाही, तेही वाचलं. मुलाचे वडील डोळे पुसत हसत होते. मोठे काका म्हणाले, "मी तीस वर्षं होतो. मले एकानं पोहे नाही खिलवले." तेव्हा मीही हसलो. आयुष्यभराची इभ्रत अशी सतरंजीवर मांडून बसलो होतो आणि वाटत होतं की काम झालं.

मुलाची आई हसली नव्हती. ती इतका वेळ दाराजवळ बसून ऐकत होती. ती म्हणाली, "सूर्य खोटा, चपला खोट्या, समजलं. पण मी नेरले गेलती तवा मास्तरच्या दुकानात ते पुडकं या डोळ्यानं पाह्यलं. दोरा बी तोच, दोन वेढे बी तेच. एवढं खरं लिहिलं तं बाकीचं खोटं कशावरून समजू आम्ही? आम्हाले पोरगी आणायची हाय जी. उद्या लोकं इचारतीन."

प्रश्न बरोबर होता. खऱ्या वस्तूवर खोटं बांधून दिलं की दोन्ही सुटी करता येत नाहीत, आणि हे बांधताना मला फार हुशार वाटलं होतं.

तेव्हा बायको बोलली. तिनं आवाज चढवला नाही. वॉर्डात नातेवाइकांना सांगतात तशा सुरात तिनं सांगितलं की ती स्वतः रजा टाकून तीन दिवस यवतमाळला होती. मास्तर पलंगाशेजारी खाली जमिनीवर बसून राहायचे, कारण वर बसलं की त्यांच्या बायकोला मान वळवून बघावं लागायचं. पाण्याचे चमचे ते वहीत रेघा मारून मोजायचे. रोज सकाळी तिची वेणी घालायचे. "अन ते पुडकं," बायको म्हणाली, "ते मास्तरचं नाहीच. ते तिचं होतं. शिवलेले कपडे रोज घरी जात. संध्याकाळी ती बसून सगळी कतरण गुंडाळे, दोरा बांधे, फूल काढे अन सकाळी ते कपडे दुकानात येत. मास्तरनं जन्मात कधी ते फूल बांधलं नव्हतं. ती गेल्यावर शिकले. चार-चारदा सुटे त्याहिच्या हातातून."

दोन तास रोज त्या खुर्चीत बसणारा, माणसाच्या अंतरंगात डोकावणारा, महानगराच्या पोटात उतरलेला मी. इतक्या वर्षांत मास्तरांना स्वतः फूल बांधताना मी एकदाही पाहिलं नव्हतं, आणि तेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या संध्याकाळी दोरा सुटत होता तेव्हा मी थरथरणारी बोटं टिपून घेतली. फूल काहून बांधता येत नाही, एवढं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

मुलाच्या आईनं पदरानं तोंड पुसलं. "फाईल आणू नका म्हणावं," ती म्हणाली. "आम्हीच येतो रविवारी. तारीख काढाले."

आमच्याच बुद्धविहारात लग्न लागलं. बायको दोन्ही घरांच्या कामात राबत होती. मोठे काका मला भर मंडपात पाहुण्यांना दाखवत होते, "हे ते, चौपाटीवर सूर्य काढणारे." मी वाकून नमस्कार करत होतो. मला ते मान्य होतं. आता मी कादंबरी लिहायला घेतलेली नाही. संपादकबाई विचारतात, नवीन काय? मी म्हणतो, मुंबईचा अभ्यास चालू आहे.

पण लग्नाच्या आठवडाभर आधीचं एक राहिलं. लग्नाला घालायला म्हणून मी पांढरं कापड घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी ते घेतलं. टेप न लावता डोळ्यांनीच माप पाहिलं, नेहमीसारखं. चार दिवसांनी शर्ट तयार होता. त्यांनी घडी घालून तो माझ्या हातात दिला. मी शर्ट उचलून पाहिला, खाली पाहिलं, टेबलावर पाहिलं.

"कतरण?" मी विचारलं.

"आता नाही देत कोणाले," मास्तर म्हणाले. "लोकं हासते."

"मला द्या. मी नाही हसत."

त्यांनी पुढचं कापड टेबलावर पसरलं, हातानं सारखं केलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तुमच्याजवळ हाय ना ते," ते म्हणाले. "पुस्तकात ठेवलं तुम्ही."

मी शर्ट घेऊन घरी आलो. अंगाला तो अगदी बरोबर बसला.